पाव, अर्धा, पाऊण

मंगळवार, रात्री

आज पाचवीला अपूर्णांकांची वजाबाकी घेतली. नेहमीप्रमाणे अवघड गणित पुढच्या बाकावरच्या पोरांकडे गेलं आणि खिडकीजवळच्या मुलीला मी म्हणाले, "तू उदाहरण वाचून दाखव." तिने वाचलं, बसली. तेव्हा लक्षात आलं, जूनपासून मी तिला वाचायलाच सांगतेय. 'का', 'कसं' एकदाही विचारलेलं नाही.

तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेत. यंदा ती हंगामी वसतिगृहात राहिलीय. आधीची दोन वर्षं निम्मी शाळा फडातच गेली, म्हणून मी तिच्यासाठी सोपं सोपं काढत आले. माया होती त्यात. पण हिला यापुढचं जमायचं नाही, हेही मी त्या मायेतच ठरवून टाकलं होतं.

मग तिलाच उभं केलं. "सव्वादोनातून पाऊण गेलं तर?"

"दीड."

"कसं गं?"

"आधी पाव काढला, दोन राहिले. मग अर्धा काढला, बाई."

फळ्यावर मात्र अडली. २ १/४ लिहिलं, पण १/४ मधून ३/४ जाईना. खडू बोटांत फिरवत राहिली. "राहू दे, बस" अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. एवढंच म्हणाले, "दोनातला एक मोड. त्याचे पाव किती?" मागे कुजबुज सुरू झाली, कुणाला सांगू दिलं नाही. बऱ्याच वेळाने १ ५/४ उमटलं, मग १ २/४. स्वतःच वळून म्हणाली, "हे दीडच की!"

डी.एड.ला एक प्रयोग वाचला होता, १९६८ साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना सांगितलं, अमुक मुलं यंदा झपाट्याने पुढे जाणार. नावं खरं तर चिठ्ठ्या उचलाव्यात तशी काढलेली. तरी पहिली-दुसरीतली ती मुलं वर्षअखेर पुढे गेली. त्यावर पुष्कळ वाद झाले. पण मनातल्या यादीवरून मी प्रश्न वाटते, हे आज माझ्याच वर्गात दिसलं.

गणिताच्या जादा सरावाला सात नावं घेतली होती. संध्याकाळी तेवीसच्या तेवीस लिहिली. गणितं सगळ्यांना तीच. कच्चं असेल त्याच्याजवळ जास्त वेळ बसेन, गणित सोपं करणार नाही.

उद्या साडेतीनातून पावणेदोन. सुरुवात मागच्या बाकापासून.