जुनी हिमालयन ४११: गाडी घरी आली, तपासणी आणि पहिल्या कामांच्या नोंदी

जुनी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ मोटरसायकल घ्यायची होती, तो शोध संपला. २०१८ ची बीएस-४ (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष) हिमालयन दारात उभी आहे. इंजेक्शनवाली, एबीएस नसलेली, पहिल्याच मालकाची, मीटरवर अडतीस हजारांच्या थोडं वर. मधल्या काळात पुणे, सासवड, सातारा आणि खाली कोकणापर्यंत गाड्या बघून झाल्या. ४११ आता नवी मिळत नाही. २०१६ ला आली, २०१७ मध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, २०२० ला बीएस-६ झाली आणि २०२३ च्या शेवटी ४५० आल्यावर थांबली. म्हणजे यापुढे जो कोणी ४११ घेईल तो जुनीच घेणार. त्यासाठी या नोंदी जरा सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. टूरिंगला वापरलेल्या गाडीत इंजिन सगळ्यात शेवटी ऐकावं. गाडी बघायला गेलेला जवळपास प्रत्येकजण स्टार्टर मारतो, टाकीजवळ कान नेतो आणि "टॅपेट वाजतंय" म्हणून भाव पाडतो. या इंजिनात टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) थोडा आवाज असतोच, आणि प्रमाणाबाहेर गेला तरी स्क्रू-नटवर सेट होतो. ४११ सीसी, एकच सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, हवा आणि ऑइलवर थंड होणारं, साडेसहा हजार आरपीएमला साडेचोवीस बीएचपी. एवढ्या निवांत इंजिनाला वेळेवर ऑइल मिळालं की ते सहसा दगा देत नाही. मार बसतो तो सांगाड्याला. चालवणारा, मागे बसणारा, दोन बाजूंना पेट्या, वर बॅग, पुढे जेरीकॅन, आणि खाली आपले रस्ते. हे सगळं ओझं कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग आणि त्याचे कप), मागची लिंकेज (मागचा शॉकअप जोडणारे सांधे), आरे आणि सबफ्रेम (सीटखालचा मागचा सांगाडा) यांच्यावर येतं. नेहमीच्या सर्व्हिसिंगला या जागा कोणी उघडत नाही, त्यामुळे गाडी कशी वापरली गेली ते तिथेच कळतं.

कोनसेट तपासायला पाच मिनिटं पुरतात. ४११ ला सेंटर स्टँड कंपनीकडूनच येतो, हे आपलं नशीब. गाडी त्यावर घ्या, सोबतच्या माणसाला मागच्या कॅरियरवर दाब द्यायला सांगा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी होतं. मग हँडल फक्त दोन बोटांनी धरा आणि डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश फिरवा. चाक सरळ रेषेत आलं की हँडल तिथे अडकल्यासारखं, खाचेत बसल्यासारखं वाटलं, तर कप घासलेत. जोरात फिरवलंत तर ही खाच कळतच नाही. नंतर फोर्कचे खालचे टोक धरून पुढेमागे हलवा. वर हेडमध्ये "टक्" जाणवलं तर कोनसेट सैल आहे. या मॉडेलला कोनसेट लवकर जाणं नवीन नाही, त्यामुळे निव्वळ त्यासाठी गाडी सोडू नये, पण किंमत ठरवताना ते काम धरावं.

तिथेच आणखी एक गोष्ट बघा. हँडल पूर्ण वळवल्यावर ज्या स्टॉपरला टेकतं, तो स्टॉपर. गाडी जोरात आपटली असेल तर तिथे ठोकल्याची खूण राहते, रंग उडालेला असतो किंवा धातू दबलेला असतो. क्रॅश गार्ड नवा बसवता येतो, टाकी रंगवता येते, पण स्टॉपरकडे कोणाचं लक्ष जात नाही.

मागच्या बाजूला चाक वर-खाली उचलून बघा, मग डावी-उजवीकडे. वर-खाली उचलताना सस्पेन्शन दबायच्या आधीच थोडी मोकळी हालचाल आली, तर लिंकेजचे बुश-बेअरिंग गेलेत. डावी-उजवीकडे खेळ असेल तर चाकाचं बेअरिंग किंवा स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा हात). लिंकेज अगदी खाली असते, चिखल आणि पाणी आधी तिच्यावरच उडतं, आणि ग्रीस मात्र क्वचितच कोणी भरतं. वाळलेली असेल तर गाडी खड्ड्यातून जाताना मागून आपटते आणि मालक म्हणतो, "शॉकअप थोडा कडक केलाय."

आऱ्यांसाठी खिशात छोटा पाना असू द्या. एकेका आऱ्यावर हलकेच टिचकी मारत चाक फिरवायचं. ताणलेला आरा खणखणीत वाजतो, सैल झालेला बद्द. मागच्या चाकाला जास्त वेळ द्या, कारण पेट्यांचं वजन तिथे असतं. एकच आरा चकचकीत आणि बाकीचे मळकट दिसले, तर तो बदललेला आहे. का बदलला ते विचारा. रिमला आउट आहे का, म्हणजे ती वाकडी आहे का, ते चाक फिरवून रिमच्या कडेवर नजर ठेवलीत की कळतं.

सबफ्रेमसाठी सीट काढायला लावा. मालक कुरकुरला तरी चालेल. पेट्यांचे स्टँड जिथे बोल्टने बसतात तिथले वेल्डिंगचे जोड टॉर्च मारून बघा. रंगाला केसासारखी बारीक चीर गेली असेल आणि तिच्यातून गंजाची रेघ उतरली असेल, तर आत धातूही चिरलेला असू शकतो. एके ठिकाणी अशा चिरेवर नुकताच काळा स्प्रे मारलेला होता आणि बाकी सगळी फ्रेम धुळीने माखलेली. तिथून हात जोडून निघालो.

सीट निघालीच आहे तर वायरिंगही बघून घ्या. जादा दिवे, यूएसबी चार्जर, दुसरा हॉर्न. हे रिले आणि फ्यूज घालून केलेलं असेल तर उत्तम. मूळ वायर सोलून तिच्याभोवती नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर पुढे पावसात गाडी कधीही बंद पडेल असं समजा. मल्टिमीटर सोबत न्या. गाडी बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास हवी, आणि चालू करून रेस दिल्यावर साधारण पावणेचौदा ते साडेचौदा. त्याहून कमी येत असेल तर स्टेटर (वीज तयार करणारा भाग) किंवा रेग्युलेटरचं (व्होल्टेज आवरणारा भाग) काम निघतं, आणि ते स्वस्त नाही.

गाडी कुठल्या भागात वापरली गेली, हे मीटरच्या आकड्यापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं. किनाऱ्यावरची एक गाडी जेमतेम अठरा हजार चाललेली होती. फोटोत देखणी. पण आऱ्यांच्या निपलला गंज, डिस्कच्या बोल्टला गंज, सायलेन्सरच्या बेंडखाली हात फिरवला तर पापुद्रे हाताला लागले. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. उलट देशावरच्या चाळीस-पन्नास हजार चाललेल्या गाड्या खालून कोरड्या आणि ठणठणीत दिसल्या. गोव्याकडची गाडी स्वस्तात मिळत असेल तर ती आधी भाड्याने फिरत होती का, हे आरसीचा इतिहास काढून बघाच. भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात, नंतर ती खासगीत बदलून घेता येते. पांढरी पाटी दिसली म्हणून ती घरातली गाडी असेलच असं नाही.

आता इंजिन. मालकाला आदल्या दिवशीच फोनवर सांगा, "दादा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर सायलेन्सरला आधी हात लावा. गरम लागला तर चहा घ्या, थंड होऊ द्या. गार गाडी एका स्टार्टरवर उठून रेस न देता टिकली पाहिजे. उजवीकडच्या काचेतून ऑइलची पातळी आणि रंग दिसतो. काळं असलं तर बिघडत नाही, दुधाळ असलं तर प्रश्न विचारा. चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागून इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. पेट्रोलच्या टाकीत टॉर्च मारा. जास्त काळ उभी राहिलेली गाडी आतून गंजते आणि इंजेक्शनच्या गाडीत तो गंज पंपाच्या फिल्टरला जातो.

पुढच्या फोर्कवर रबराचे बेलो असतात, त्यामुळे ऑइल सील गळतंय का ते वरून दिसत नाही. बेलोची खालची कड बोटाने उचलून आत बघा. मी घेतलेल्या गाडीत डाव्या बाजूला तेलकट ओल होती. मालकाने, निवृत्त शिक्षक आहेत, ती स्वतःहून दाखवली होती, आणि त्यावरूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. सर्व्हिसची सगळी बिलं तारखेवार फाइलला लावलेली, ऑइल कधी बदललं ते त्यांच्याच अक्षरात वहीत.

चाचणीसाठी गाडी बोपदेव घाटात नेली. चढावर चौथ्या गिअरमध्ये चाळिसाच्या वेगाने असताना थ्रॉटल पूर्ण उघडला. आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, असं झालं तर क्लच प्लेट घसरतात. इथे तसं झालं नाही. उतारावर पुढचा ब्रेक दाबताना लिव्हर थरथरला नाही, म्हणजे डिस्क सरळ आहे. मीटरमधलं होकायंत्र भलतीकडे उत्तर दाखवत होतं, ते मी मनावर घेतलं नाही, कारण ते कॅलिब्रेट करता येतं. टायर मात्र दोन्ही बदलायचेच होते. नक्षी बरी होती, पण बाजूवरचा चार आकडी कोड २३१८. म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा, अगदी मूळचे टायर, रबर दगड झालेलं. टायर आणि चेन किटचा खर्च वजा करूनच किंमत ठरली.

कागदपत्रांत घोडं अडतं ते बहुतेक कर्जाच्या नोंदीवर. बँकेचं कर्ज फिटलेलं असतं, पण आरसीवरचा बोजा उतरवलेला नसतो. त्यासाठी बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर बसून घ्या. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ (तिथल्या आरटीओचं एनओसी) आणि पुन्हा रोड टॅक्स, म्हणजे किंमत कमी दिसली तरी हिशेब वेगळा होतो. थकलेली ई-चलानं आधी भरायला लावा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी बसवलेली आहे का, तेही बघा. चासी नंबर आरसीशी ताडताना स्टिकरवर भागवू नका, फ्रेमच्या हेडवर ठोकलेला नंबर पुसून वाचा. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला टाका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यात थोडा फरक भरावा लागतो.

आल्यापासून झालेलं काम: दोन्ही फोर्क सील आणि फोर्क ऑइल, टायर-ट्यूब, चेन किट, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर. लिंकेज उघडली तेव्हा आत ग्रीस नावालाच उरलं होतं. एका बुशवर गंजाचा डाग होता, तो बदलला, बाकीचे रॉकेलने धुऊन, नवं ग्रीस भरून परत बसवले. त्यानंतर त्याच खराब रस्त्यावर गाडी मागून आपटायची थांबली. हा फरक टायरचा म्हणावा तर टायर त्याच्या आधीच बदलले होते.

कोनसेटला मध्यावर हलकी खाच आहे, तपासणीत सापडलेलीच. ते काम पावसाळ्याआधी करायचं आहे. मूळचे बॉल-बेअरिंग टाकावेत की टेपर रोलर (निमुळत्या रोलरचे बेअरिंग), यावर मेकॅनिक आणि मी अजून एकमताला आलेलो नाही. त्याचं म्हणणं, मूळचे टाक आणि वेळेवर ग्रीस भर. माझा ओढा टेपरकडे आहे, कारण पेट्या लावून दोघांनी फिरायचं आहे. ज्यांनी ४११ ला टेपर बसवून बराच पल्ला मारलाय, त्यांनी नट किती घट्ट ठेवला आणि काही दिवसांनी पुन्हा आवळावा लागला का, तेवढं कळवा. आरटीओतून आरसी नावावर होऊन आली की पेट्यांच्या स्टँडचं काम हातात घेतो.