तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा पैसा जातो, तरी पाणी का तुंबतं?

पर्जन्य जलवाहिन्यांच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे दर पावसाळ्यात हा प्रश्न मलाच विचारला जातो. विचारणाऱ्याने उत्तरही ठरवलेलं असतं: कोणीतरी पैसे खाल्ले. खाणारे नसतात असं मी म्हणत नाही. पण मला सांगायचंय ते वेगळं आहे, आणि त्यावर माझी सही आहे.

पूर आला की पैसा येतो, तो बांधकामासाठी. अनुदानाच्या अटींत पंप बसतो, गाळ काढणं बसत नाही. एका वर्षी पंपिंग स्टेशन मंजूर झालं आणि अनुदानासोबत आम्ही घालायचा हिस्सा कमी पडला. आर्थिक वर्ष संपायला आठ दिवस उरले होते. हात घालता येईल असं अर्थसंकल्पातलं एकच शीर्ष, म्हणजे ठरावीक कामासाठी राखलेली रक्कम, शिल्लक होतं: जुन्या वाहिन्यांतला गाळ काढण्याचं. "एका वर्षाचा तर प्रश्न आहे," असं मीच म्हटलं आणि रक्कम वळवली.

पावसाळ्यात एका रात्री दोन वाजता मी त्या स्टेशनात उभी होते. नवेकोरे पंप सुरू व्हायचे आणि चार-पाच मिनिटांत थांबायचे. ऑपरेटर म्हणाला, "बिघाड नाही मॅडम, खाली पाणीच येत नाहीये." आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं! पाणी ओसरल्यावर झाकण उघडून बांबू सोडला. ९०० मिलिमीटरची वाहिनी, बांबू निम्म्यावरच गाळात रुतला. निम्मी वाहिनी गाळाने भरली की वहनक्षमता निम्मी राहत नाही, जेमतेम एक तृतीयांश उरते. हे गणित मला सही करतानाही पाठ होतं. शेजारच्या दारात एक बाई शिलाई मशीन उलटं करून पाणी निथळवत होत्या. "पंप आमच्यासाठीच बसवलाय ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

अनुदान परत गेलं असतं तर पंप कधीच झाला नसता. नदी चढलेली असताना शहरातलं पाणी बाहेर फेकायला दुसरा मार्ग नाही. हे मी आजही सांगते, आणि सांगताना तो बांबू आठवतो.

पावसाच्या पाण्याचा निचरा करण्यासाठी वेगळं शुल्क लावा, असं कोणी सुचवलं की पूर्वी मी भांडायचे: लोकांवर आणखी एक बोजा कशाला? जर्मनीतल्या अनेक शहरांत छप्पर, फरशी, डांबर अशी पाणी न मुरणारी जागा मोजून आकारणी होते. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन २ जुलै २०११ च्या ढगफुटीत बुडालं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी काही दशकांचा आराखडा केला, त्याचा मोठा भाग पाणीपट्टीतून भागवायचा ठरला. विस्तीर्ण पार्किंगवाल्याने छोट्या घरापेक्षा जास्त भरावं, हे आता मला पटतं. पण तो पैसा वर्षअखेरीस दुसरीकडे वळणार नाही याची हमी मला देता येत नाही. नियमाने बांधा म्हणतात. गाळाचं शीर्षही नियमानेच वेगळं ठेवलेलं होतं.