एअरवे सरकतोय: पितळी बुश आणि वरून २ मिमीचं भोक

तंबाखूचा लाकडी पाइप करतोय. आधी चांगली बातमी: स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी, बसला. एबोनाइटच्या (कडक रबराच्या) सळईत ८ मिमी व्यासाचं, १२ मिमी खोल भोक आणि त्यात डेलरिन या कडक प्लॅस्टिकचा टेनन, म्हणजे स्टेम पाइपला जोडणारी पोकळ खुंटी. डेलरिनला इपॉक्सी नीट धरत नाही, म्हणून आत जाणाऱ्या भागावर करवतीच्या पात्याने आडव्या खाचा पाडल्या. इपॉक्सी त्या खाचांमध्ये अडकून बसतं. शँकला (पाइपच्या लाकडी दांडीला) लावून उजेडासमोर धरलं तर फट दिसत नाही. टेनन जरा घट्ट जातोय, त्यावर मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं की पुरे. त्याला पॉलिशपेपर लावू नका, एकदा सैल झालेला टेनन परत जाड होत नाही.

आता रडगाणं. एअरवे, म्हणजे लाकडातलं धुराचं भोक, पुन्हा सरकला. शिसमच्या सरावाच्या ठोकळ्यात ४ मिमीचा बिट ६८ मिमी आत पोचेपर्यंत दीड मिमी डावीकडे गेला होता. ठोकळा उभा चिरल्यावर वाक स्पष्ट दिसला: मॉर्टिसच्या (टेनन बसायच्या भोकाच्या) तळापासून थोडं अंतर सरळ, मग हळूहळू बाजूला. म्हणजे ठोकळा तिरका बांधला गेला नव्हता, बिटच वाकत गेला. व्हाइसमधला ठोकळा दोन्ही बाजूंनी गुण्या लावून तपासलेला होता.

कारण लांबीत आहे. साध्या ४ मिमी बिटची एकूण लांबी ७५ मिमी आणि त्यातली नाळ (भुसा वर आणणारी पिळाची खाच) जेमतेम ४३ मिमी. नाळ लाकडात बुडाली की भुसा वर येत नाही, तो आतच ठासतो आणि बिट तापतो. म्हणून लांब मालिकेतला ११९ मिमीचा बिट घ्यावा लागतो, पण चकबाहेरची लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच बाजूच्या दाबाला वाक आठपट होतो. त्यात शिसमच्या रेषा उलटसुलट. कठीण पट्टा लागला की टोक मऊ बाजूला घसरतं.

लांब बिट मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर सुटे मिळतात. चकचकीत पेटीतले संच घेऊ नका. त्यातल्या काही बिटांच्या दोन धारा सारख्या नसतात आणि असा बिट पहिल्या मिलिमीटरपासूनच बाजूला ओढतो.

मॉर्टिस साध्या ११८ अंशांच्या बिटने केलं तर तळाला शंकूसारखा खळगा राहतो आणि एअरवेचा बिट आपोआप मध्यावर बसतो. सपाट तळ करणारा बिट वापरला की सुरुवातच चुकते. मग आधी छोट्या बिटने जेमतेम नाळीइतकं खोल जायचं, नंतर लांब बिट. दर ४-५ मिमीला बाहेर काढून भुसा झाडायचा. एवढं करून वाक कमी झाला, गेला नाही.

हे लिहिताना लक्षात आलं की टेनन स्वतःच मार्गदर्शक नळी आहे: बाहेरून ८ मिमी, मध्ये भोक. तसाच तुकडा मॉर्टिसमध्ये बसवून त्यातून बिट घातला तर २० मिमीपर्यंत त्याला हलायला जागाच उरत नाही. डेलरिन घर्षणाने मऊ पडेल, म्हणून पितळेची नळी, म्हणजेच बुश. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही छोट्या लेथवर हे किरकोळ काम आहे: बाहेरून ८, आतून ४.०५, लांबी २० मिमी. आतल्या भोकात ढिलाई ठेवली तर बुशचा उपयोगच नाही.

तरीही एखादा मिलिमीटर सरकलाच, तर क्रम बदलायचा. चेंबर (तंबाखू भरायचा खळगा) शेवटी. आधी एअरवे पाडून त्यात ४ मिमीची सरळ सळई घालायची आणि चेंबरच्या ठरलेल्या मध्यावर वरून २ मिमीचं भोक पाडायचं. बिट सळईला लागला की थांबायचं. समजा ३४ मिमीवर लागला, तर चेंबरची खोली ३४ अधिक ४, म्हणजे ३८ मिमी, आणि तळ एअरवेच्या खालच्या कडेशी बरोबर जुळतो. सळई लागलीच नाही, तर मध्य एक मिमी हलवून परत पाहायचं. ही भोकं २० मिमीच्या चेंबरमध्ये गडप होतात आणि बाहेरचा आकार तर नंतरच कोरायचा आहे! फक्त तळाखाली आणि बाजूंना ६ मिमीपेक्षा कमी लाकूड राहायला नको.

एवढा खटाटोप कशासाठी? भोक तळापेक्षा वर निघालं तर खालची तंबाखू ओली, न जळलेली राहते. खाली गेलं तर तळाशी चर पडतो, त्यात पाणी साचतं आणि पाइप गुरगुरतो.

चेंबरसाठी २० मिमीचा चपटा बिट ग्राइंडरवर गोल घासून ठेवलाय. घासताना सारखा पाण्यात बुडवायचा, धार निळी पडली की गेली. पावसाळ्यात सगळ्या बिटांना तेलाचा हात हवाच. शेलॅकचं फिनिश मात्र कोरड्या दिवसांवर ढकललंय, दमट हवेत ते पांढरट पडतं. तोवर कार्नोबा मेण आणि कापडी चाक.

ब्रायरचा (खऱ्या पाइपच्या लाकडाचा) ठोकळा एवढ्यात डब्यातून काढत नाही. आधी बुश शिसममध्ये तपासायची. नुसती १२ मिमी लांबीची बुश कोणी वापरून पाहिली आहे का? भुसा बाहेर यायला ती सोयीची पडेल असं वाटतंय.