टारकोव्हमधून जिवंत बाहेर पडायला शिकताना

'एस्केप फ्रॉम टारकोव्ह' घेतला तेव्हा बंदुकीचे खेळ मला नवे नव्हते. मोबाइलवर बॅटल रॉयल भरपूर खेळलो होतो आणि नेमही बरा बसायचा. पण या खेळात नेमाची पाळी फार उशिरा येते. आधी येते ती बाहेर पडायची वाट, आणि मला सगळ्यात जास्त वेळ तीच शिकायला लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या बॅटलस्टेट गेम्सचा हा खेळ २०१७ पासून बीटामध्ये, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत होता, १५ नोव्हेंबर २०२५ ला त्याची १.० आवृत्ती आली. आपल्या साठ्यातली बंदूक, चिलखत, औषधं घेऊन नकाशात उतरायचं आणि वेळ संपायच्या आत ठरलेल्या जागेवरून बाहेर पडायचं. बाहेर पडलात तर सापडलेलं सगळं तुमचं. मेलात तर अंगावरचं जवळपास सगळं जातं, सिक्युअर कंटेनर नावाच्या छोट्या सुरक्षित पेटीत जे बसलं तेवढं राहतं. विमा उतरवला असेल आणि ते सामान दुसऱ्या कुणी नेलं नसेल, तर काही तासांनी परत मिळतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात नकाशा नाही, नेम धरायला मध्ये खूण नाही. गोळ्या किती उरल्या तेही दिसत नाही. मॅगझिन काढून अंदाज घ्यावा लागतो आणि 'निम्म्याच्या आसपास' असं काहीतरी उत्तर मिळतं.

सुरुवातीला कुणी मारलं, कुठून मारलं, काहीच कळायचं नाही. निपाणीचा माझा मामेभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, हा खेळ जुना खेळणारा. फोनवर म्हणाला, "बंदुकीचं राहू दे रे सध्या. वाटा पाठ कर आधी. पळालास की मेलास बघ." प्रॅक्टिस मोडमध्ये काही जातही नाही आणि काही मिळतही नाही. तिथं मी कस्टम्सचा नकाशा रोज रात्री नुसता चालत राहिलो. कस्टम्सचं गणित असं, की ज्या टोकाला उतरता त्याच्या विरुद्ध टोकाला तुमची वाट असते. बिग रेड नावाच्या मोठ्या लाल गोदामाकडं उतरलो तर झेडबी-१०११ च्या बंकरपर्यंत जायचं, म्हणजे सगळा नकाशा ओलांडायचा. मध्ये नदी आणि त्यावर पूल. हॉस्टेलच्या इमारती आहेत, तिथं माल चांगला मिळतो आणि माणसंही तिथंच मरतात. जुन्या गॅस स्टेशनची वाट हिरवा धूर दिसला तरच चालू. ओ हे बटण दोनदा दाबलं की आपल्या वाटांची नावं आणि उरलेला वेळ दिसतो. नाव दिसतं, दिशा दिसत नाही. दिशा पाय चालूनच पाठ होते.

दुसरी गोष्ट कानांची. या खेळात डोळ्यांपेक्षा कान जास्त वाचवतात असं माझं ठाम मत आहे. पत्र्यावरचा पाय वेगळा वाजतो, काचेवरचा वेगळा, गवतातला वेगळा. झुडपाला अंग घासलं तरी सळसळ ऐकू येते. आमचं घर खानापूर तालुक्यातलं, वर पत्रे. जून-जुलैत पाऊस कोसळायला लागला की हेडफोनमध्येसुद्धा दुसरं काही ऐकू येत नाही. त्या दिवसांत मी मोठ्या वाटा सोडून भिंतीच्या कडेनं चालायची सवय लावून घेतली, ती आजही उपयोगी पडते. पावसात वीजही जायची. वीज आल्यावर परत त्याच रेडमध्ये, म्हणजे चालू फेरीत शिरता येतं, पण तेवढा वेळ आपला माणूस तिथं तसाच उभा असतो. शेवटी कॉम्प्युटर यूपीएसवर घेतला.

गोळ्यांबद्दल एवढंच सांगतो, की बंदुकीपेक्षा गोळीवर पैसे घाला. एकाच ५.४५ मापात कितीतरी जाती आहेत. काही मांसाला मोठी जखम करतात पण चिलखतापुढं अडतात, काही चिलखत भेदतात. शरीराच्या भागांचे मिळून जीवाचे ४४० गुण असतात, पण त्यातले डोक्याचे ३५ आणि छातीचे ८५. या दोन्हींपैकी एक संपलं की सगळं संपलं.

पैसे संपले की स्कॅव्ह, म्हणजे खेळातला स्थानिक लुटारू होऊन उतरायचं. सामान खेळच देतो, मेलं तर आपलं काही जात नाही. शिकणाऱ्यानं हे लाजून टाळू नये.

कस्टम्समधून स्वतःचं सामान घेऊन पहिल्यांदा बाहेर पडलो, तेव्हा आम्ही तिघं होतो. मी, दादा आणि त्याचा बैलहोंगलचा एक दोस्त. तो कन्नडमध्येच सांगायचा, "एडक्क, एडक्क!", आणि मी मान डावीकडं वळवायचो. पूल ओलांडल्यावर गोळी माझ्या मांडीत बसली, मोठा रक्तस्राव सुरू झाला. साध्या बँडेजनं तो थांबत नाही, पाय आवळून बांधायचा एस्मार्क पट्टा लागतो. तो बॅगेत खाली होता, खिशात नव्हता. दोघं माझ्या दोन्ही बाजूंना बसले आणि मी बॅग उघडून पट्टा काढला. दादा म्हणाला, "सावकाश कर की, आम्ही हायेत." रक्त थांबलं. वेदनाशामक गोळी घेतली, कारण पाय मोडला किंवा निकामी झाला असेल तर तिच्याशिवाय पळता येत नाही. मग कुंपणाच्या कडेनं बंकरपर्यंत गेलो. खाली उतरल्यावर वेळ उलटी मोजली जाते, तेवढे सेकंद तिघांपैकी कुणी बोललं नाही. माझ्या बॅगेत बोल्ट, वायर आणि एक जुनी शॉटगन एवढंच होतं. तरी त्या आनंदात मला पहाटेपर्यंत झोप आली नाही.

त्या दिवसापासून पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या माझ्या खिशात असतात, बॅगेत नाही. आता वूड्स हा दुसरा नकाशा पाठ करतोय. तिथं सगळीकडं झाडंच, त्यामुळं मध्यावरची लाकडाची गिरणी ही खूण धरून दिशा लावायची. बंदुका आजही दादाच निवडून देतो, त्यात मला फार गम्य नाही. पण कस्टम्समध्ये कुठंही उतरवलं तरी वाट कुणाला विचारावी लागत नाही.