मुंबईहून काझाला, जानेवारीत: मोटरहोममधलं पाणी

सांताक्रूझला आजवर नोंदलेला तापमानाचा नीचांक ७.४ अंश, तोही १९६२ सालचा. मुंबईत बांधून घेतलेल्या मोटरहोममध्ये, म्हणजे राहायच्या गाडीत, पाणी गोठेल, हा विचार त्यामुळे बांधणाऱ्याच्याही मनात येत नाही आणि बांधून घेणाऱ्याच्याही. टाकी चासीखाली, पाइप चासीच्या कडेने उघडे, पाणी सोडायला एकच कॉक आणि तोही टाकीलाच. अशी गाडी कोकणात, कच्छात वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. जानेवारीत किन्नौरमार्गे हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या काझाला न्यायची, तर आधी घरीच तिच्यावर काम करावं लागतं.

कामाची दिशा एकच ठेवायची. पाणी गरम ठेवायच्या मागे लागायचं नाही, ते दहा मिनिटांत पूर्ण काढता येईल अशी गाडी करायची. टाकीखाली लावायचं ५० वॅटचं हीटिंग पॅड १४ तासांच्या रात्रीत ७०० वॅट-तास खातं. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी सगळी मिळून १,२०० वॅट-तासांची. शिवाय लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, म्हणजे सकाळी ऊन येऊनही सोलरचा उपयोग लगेच होत नाही. आणि पॅड फक्त टाकी वाचवतं. १०० लिटरची टाकी तशीही सगळ्यात शेवटी गोठते, कारण तेवढं पाणी शून्य अंशावर आल्यानंतरही पूर्ण गोठायला त्यातून विजेच्या सव्वानऊ युनिटांएवढी उष्णता बाहेर जावी लागते. अर्ध्या इंची पाइपच्या एका मीटरमध्ये जेमतेम सव्वाशे मिली पाणी असतं. ते आधी जातं.

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. पण पाइप बहुतेक वेळा बर्फ असतो तिथे फुटत नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि सगळ्यात कमजोर जागा तडकते: एल्बो (वळणाचा जोड), नळाचं कार्ट्रिज, पंपाचं डोकं, वॉटर फिल्टरचं भांडं. आपल्याकडच्या गाड्यांत पहिला बळी हमखास संडासातल्या जेट स्प्रेचा जातो. त्याच्या नळीत आणि खटक्यात पाणी राहतं आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. म्हणून पाणी काढल्यावर सगळे नळ उघडे ठेवायचे. गरम-थंडचा एकच दांडा असलेला मिक्सर असेल तर दांडा मधोमध, नाहीतर एक बाजू भरलेली राहते. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तर त्याच्या गोळ्याच्या पोकळीत पाणी कोंडतं आणि तोच फुटतो. पाणी काढल्यावर तो अर्धवट, ४५ अंशांवर ठेवायचा.

सामान सगळं मुंबईत मिळतं. नागदेवी स्ट्रीटवर बॉल व्हॉल्व्ह आणि टी (T आकाराचे जोड) घ्यायचे. गरम आणि थंड लाइनच्या सगळ्यात खालच्या जागी एकेक, गिझरच्या तळाला एक, आणि गिझरला वळसा घालायला बायपासचे तीन. पाइप दर ४० सेंटीमीटरला क्लॅम्प करायचा. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साचतं आणि कुठल्याच कॉकमधून येत नाही. एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात ती काळी नायट्राइलची नळी उघड्या पाइपवर चढवायची. तिने पाणी गोठायचं थांबत नाही, उशीर होतो. चालत्या गाडीत तो उशीर मोलाचा. वाऱ्यामुळे पाइप हवेपेक्षा थंड होत नाही, पण हवेच्या तापमानाला फार लवकर पोचतो.

मुंबईत गोठवून बघता येत नाही, पण रिकामं होतं का हे बघता येतं. सगळी यंत्रणा कोरडी करून मोजून ४० लिटर पाणी भरा, पंप चालवून नळ, शॉवर, गिझर भरून घ्या, मग सगळे कॉक उघडून जे येईल ते बादल्यांत मोजा. दीड-दोन लिटर कमी भरले, तर ते कुठे अडकलंय ते शोधूनच निघा.

पाण्यात मिसळलं की ते गोठू न देणारं ग्लायकॉलही इथूनच न्यायचं. मस्जिद बंदरच्या केमिकल व्यापाऱ्यांकडे प्रॉपिलीन ग्लायकॉल मिळतं, फार्मा ग्रेडच मागायचं. कारच्या रेडिएटरचा कूलंट साधारणपणे एथिलीन ग्लायकॉलचा असतो आणि ते विष आहे. पिण्याच्या लाइनमध्ये त्याचा थेंबही नको. पाच लिटर ग्लायकॉल, पाच लिटर आरओचं पाणी: हे निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३३ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. त्यात खायचा गुलाबी रंग चिमूटभर टाकला की नळातून पाणी येतंय की मिश्रण, ते दिसतं.

चंदीगडपर्यंत आणि पुढे सतलजच्या काठी रामपूरपर्यंत गाडी नेहमीसारखी वापरता येते. रामपूर सुमारे १,००० मीटरवर. पुढे किन्नौरमधल्या रिकाँग पिओला २,३०० मीटरच्या आसपास रात्री पारा शून्याखाली जातो, म्हणून आम्ही रामपूरलाच पाणी काढतो. गिझर आदल्या रात्री बंद. सकाळी टाकी सोडायची, नळ आणि खालचे कॉक उघडायचे, शॉवर आणि जेट स्प्रे हुकावरून काढून जमिनीवर टाकायचे. पंपाच्या तोंडाशी असलेली जाळीची वाटी उघडून रिकामी करायची आणि पंप अर्धा मिनिट कोरडा चालवायचा. उरलेलं पाणी हवेने काढायचं, पण पंक्चरवाल्याची नळी थेट लावू नका. त्याच्या टाकीत १०० पीएसआयच्या वर दाब असतो, सांधे उखडतात. मध्ये रेग्युलेटर लावून ३५ पीएसआयवर आणायचं.

मग बायपासने गिझर वेगळा करून पंपाच्या सक्शनची नळी ग्लायकॉलच्या कॅनमध्ये सोडायची आणि एकेक नळ गुलाबी येईपर्यंत चालवायचा, जेट स्प्रेसकट. सिंकखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये (वास अडवायला पाणी साठून राहतं ते भांडं) ३०० मिली मिश्रण ओतायचं, बाथरूमच्या जाळीत तेवढंच. रिकाम्या गिझरचं बटण चुकून दाबलं तर एलिमेंट जळतं. बटणावर चिकटपट्टी लावून टाका.

इथून पुढे पाणी कॅनमधलं, आणि कॅन गाडीच्या आत. २० लिटरच्या कॅनमध्ये १८ लिटरच भरायचं, फुगायला जागा लागते. दोघांना रोज १२ लिटर पुरतात. काझा ३,६५० मीटरच्या आसपास, जानेवारीत रात्री उणे २० अंश नेहमीचेच. गावातले नळही गोठलेले असतात, होमस्टेत पाणी बादलीने येतं. विचारून, जरुरीपुरतंच घ्यावं. घरगुती सिलिंडरच्या गॅसमध्ये ब्युटेनचा वाटा मोठा आणि ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होत नाही, त्यामुळे बाहेरच्या खणातला सिलिंडर असून नसल्यासारखा. बर्फ वितळवून पाणी करायचा बेत त्याच्या भरवशावर आखू नका.

सांडपाण्याची टाकी वापरायचीच नाही. तिचा व्हॉल्व्ह उघडा, खाली बादली. स्पितीतल्या घरांत कोरडे संडास असतात आणि त्यातला माल खत होऊन शेतात जातो. साबणाचं पाणी तिथे ओतणं म्हणजे त्यांचं वर्षाचं खत नासवणं. बादली पाणी सोडता येईल अशा जागेपर्यंत परत आणावी.

यातूनही कुठे गोठलंच, तर पहिली खूण म्हणजे पंप गप्प. पुढे बोळा असल्यामुळे दाब चढलेलाच राहतो आणि पंपाचं दाबावर चालणारं स्विच नळ बंद असल्याचं धरून बसतं. पंपाचं बटण बंद करा, नळ उघडा आणि नळाकडून सुरुवात करून मागे मागे गरम फडकी लावत या. स्टोव्ह किंवा ब्लोटॉर्च अजिबात नको. तडा असेल तर तो बर्फ वितळल्यावरच गळायला लागतो, म्हणून लगेच कपाटं बंद करू नका.

परत मुंबईला आल्यावर ग्लायकॉल पूर्ण धुवायला हवं. राहिलेल्या अंशावर इथल्या उकाड्यात जंतू पोसतात आणि पाइपात बुळबुळीत थर धरतो. आधी दोन टाक्या साधं पाणी. मग १०० लिटरला ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १२५ मिली घालून प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत चालवायचं, चार तास ठेवायचं आणि वास जाईपर्यंत पुन्हा धुवायचं. मग सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवा आणि तासभर गाडीत बसा. दर दहा-पंधरा मिनिटांनी पंप आपोआप खर्रकन वाजला, तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे. जेट स्प्रेपासून शोधायला लागा.