नोंदवही, महिना पाचवा: जोन्स, हॉपकिन्स आणि ऐन भराची वर्षं

या महिन्यात पंधरा लढती पाहायचं ठरवलं होतं, झाल्या नऊ. अमेरिकन बॉक्सर रॉय जोन्स ज्युनियरपाशी अडकले. अडकले ते बरंच झालं, कारण बॉक्सरचा भर कधी चढतो आणि कधी ओसरतो हे टिपायची माझी आधीची पद्धत त्याच्यामुळे मोडीत निघाली.

पद्धत सोपी होती: पहिला मोठा पट्टा (म्हणजे विश्वविजेतेपद) ते पहिला मोठा पराभव, तेवढा प्राइम, ऐन भराचा काळ. त्या हिशेबाने जोन्सचं पान १५ मे २००४ ला बंद झालं होतं. अँटोनिओ टार्व्हरचा डावा हात, दुसरी फेरी, जोन्स आडवा. वय ३५. चार महिन्यांनी ग्लेन जॉन्सननेही त्याला नवव्या फेरीत झोपवलं.

मग त्याच्या आधीची, नोव्हेंबर २००३ ची टार्व्हरशी पहिली लढत काढली. ही जोन्सने गुणांवर जिंकली होती, म्हणून माझ्या वहीत ती ‘भरात’ या रकान्यात होती. आवाज बंद करून पाहिली (हे सगळ्यांनी करून बघा, समालोचन कानावर पडलं की आपण समालोचकाच्या डोळ्यांनी बघायला लागतो). जोन्स पुन्हा पुन्हा दोरांना पाठ लावून उभा राहतोय. १९९४ मध्ये जेम्स टोनीसमोरही तो दोरांकडे जायचा, पण तेव्हा ते आमिष असायचं. टोनी पुढे आला की डावा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) तयार. इथे तो दम घ्यायला जातोय. ठोसा अजूनही चुकवतो, पण चुकवल्यावर जे उलट उत्तर यायचं ते येत नाही. म्हणजे उतार पराभवात नव्हे, त्याआधीच्या विजयात दिसत होता, आणि मी तो ‘जिंकला’ म्हणून सोडून दिला होता.

वजनाचा मुद्दा इथे येणारच. मार्च २००३ मध्ये तो १९३ पाउंड वजनावर जॉन रुइझकडून हेवीवेटचा पट्टा घेऊन गेला आणि आठ महिन्यांत पुन्हा १७५ च्या गटात उतरला. त्या उतरवलेल्या वजनाने त्याचे पाय नेले, वयाने नव्हे, असं मानणारे बरेच आहेत. माझं मत असं की वजनाने फार तर घाई केली. जोन्सचा सगळा डोलारा प्रतिक्षिप्त वेगावर उभा होता. हात खाली, जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) कमी, डोकं सरळ मागे खेचून ठोसा चुकवायचा आणि लांबून झेप घेऊन डावा हुक. हे सगळं वेग असेपर्यंत कुणालाही हरवतं. वेग केसभर कमी झाला की मागे दुसरी भिंत नाही.

ही दुसरी भिंत म्हणजे काय ते बर्नार्ड हॉपकिन्सकडे बघून कळतं. योगायोग असा की हे दोघे दोनदा भेटले. २२ मे १९९३ ला जोन्स २४ चा, हॉपकिन्स २८ चा. जोन्स गुणांवर जिंकला. ३ एप्रिल २०१० ला ४१ आणि ४५; हॉपकिन्स गुणांवर जिंकला. दुसरी लढत बघायला कंटाळवाणी आहे, मिठ्या आणि मानेवरचे फटके जास्त. पण आपल्या कामासाठी सोनं आहे. दोन्ही लढती मी एकाच रविवारी सलग पाहिल्या. जोन्स दोन वेगळी माणसं वाटतो. हॉपकिन्स तोच आहे, फक्त हळू झालेला: हनुवटी छातीशी, अर्ध्या पावलाने अंतर कापणं, समोरच्याला त्याच्या लयीत येऊच न देणं.

हॉपकिन्स जवळजवळ पाच वर्षं तुरुंगात काढून १९८८ मध्ये व्यावसायिक झाला, पहिलीच लढत हरला. पट्टा मिळाला तो तिशीत. त्याचा भर मी ३२ ते ३६ धरलाय. सुरुवात जुलै १९९७, जेव्हा त्याने तोवर अपराजित असलेल्या ग्लेन जॉन्सनला अकराव्या फेरीत थांबवलं (हाच तो जॉन्सन, सात वर्षांनी जोन्सला झोपवणारा). शेवट सप्टेंबर २००१, फेलिक्स ट्रिनिडाडवरचा विजय. ती बारावी फेरी मी चार वेळा पाहिली आणि पुन्हा बघेन.

२०११ मध्ये ४६ व्या वर्षी त्याने जाँ पास्कलला हरवून जॉर्ज फोरमनचा सर्वांत वयस्क विश्वविजेत्याचा विक्रम मोडला, तरी ते वर्ष मी प्राइममध्ये घेतलेलं नाही. फोरमनचंही तसंच. १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी मायकेल मूररला पाडणारा फोरमन थोर आहेच, पण १९७३ मध्ये किंग्स्टनला फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली बसवणारा फोरमन वेगळाच प्राणी होता.

अलीच्या पानावर नुसतं एक प्रश्नचिन्ह आहे. नोव्हेंबर १९६६, ह्यूस्टन, क्लीव्हलँड विल्यम्सशी लढत: त्या तीन फेऱ्यांतले पाय नंतर कधीच दिसले नाहीत. मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० त्याला रिंगबाहेर ठेवलं गेलं, वय २५ ते २८. त्याचा खरा भर कदाचित कुणीच पाहिलेला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता वहीत प्रत्येक फेरीसाठी तीनच खुणा करते. चुकवल्यावर उत्तर येतं का, दोरांकडे स्वतः जातो की ढकलला जातो, आणि शेवटच्या तीन फेऱ्यांत टाचा टेकतात का. जुन्या बत्तीस लढती यावर पुन्हा तपासायच्या आहेत.

मेरी कोमचं पान अर्धवट आहे. २००२ चं पहिलं जागतिक सुवर्ण ते २०१८ मध्ये दिल्लीतलं सहावं, मधे २००७ मध्ये जुळी मुलं आणि २००८ मध्ये परत सुवर्ण. हौशी गटात फेऱ्या कमी, त्यामुळे टाचांची खूण तिथे चालेल असं वाटत नाही. पुढच्या महिन्यात तिच्या लढती आधी, मग सतराव्या वर्षी विश्वविजेता झालेला विल्फ्रेड बेनितेस.