खालासाठीचे पाकीट

"अम्मी, ती तर तुझ्याशी बोलतही नाही," असे मी आज इफ्तारनंतर म्हणालो, तेव्हा अम्मी जकातीचा, म्हणजे बचतीतून गरजूंसाठी काढायच्या सक्तीच्या दानाचा, हिशेब मांडून बसली होती आणि अडीच टक्क्यांच्या रकमेतले सर्वांत जाड पाकीट तिने खालासाठी, म्हणजे माझ्या मावशीसाठी, बाजूला काढले होते.

"म्हणून तर आधी तिचे," असे म्हणत तिने पाकिटावर 'ईदी', म्हणजे ईदची भेट, असे लिहिले.

आई-वडिलांना किंवा मुलांना जकात देता येत नाही, कारण त्यांचा सांभाळ हे तसेही आपले कर्तव्य असते. पण गरजू बहिणीला देता येते, आणि ती जकात आहे हे तिला सांगण्याची सक्ती नाही. नातेवाइकाला दिलेल्या दानाचे पुण्य दुहेरी, एक दानाचे आणि दुसरे नाते जोडल्याचे, असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे. बुखारीच्या संग्रहातली एक हदीस मात्र याहून अवघड आहे: नुसती परतफेड करणारा नव्हे, तर तुटलेले नाते जो जोडतो, तोच खरा नाते जोडणारा.

भांडण गावच्या घराच्या वाटणीचे आहे. (दुसरे कशाचे असणार!) कुराणातल्या ज्या सूरह निसामध्ये (निसा या अध्यायात) वारशाचे हिस्से ठरवून दिले आहेत, तिच्या पहिल्याच आयतीत (वचनात) नातेसंबंधांचे भान राखायला सांगितले आहे, आपण मात्र हिस्स्यांपाशीच थांबतो, असे मला वाटते.

वाटणीचा दावा कोर्टात चालू असताना सख्ख्या बहिणीकडे ईदला जाणारे कोणी तुमच्या पाहण्यात आहे का?